कांदा मागेल तेवढे पीठ

गेली सत्तावीस वर्षे मी बेळगावात वकिली करीत आहे. मराठीतून कागद मिळावेत, मराठी शाळेची तुकडी टिकावी, यासाठी लिहिलेल्या अर्जांच्या फायली माझ्या कपाटात रचून ठेवलेल्या आहेत. राज्यघटनेचे कलम 350 अ मला तोंडपाठ आहे. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची पुरेशी सोय असावी, असे ते कलम सांगते आणि 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते घटनेत आले. आपले मराठी पक्के आहे, हा माझा समज इतका जुना होता की तो कधी तपासून पाहावा असे वाटले नाही. यंदाच्या जूनमध्ये तो तपासला गेला, आणि तोही स्वयंपाकघरात.

आई गेल्याला आठ महिने झाले होते. पहिला जोराचा पाऊस लागला त्या संध्याकाळी तिची पाककृतींची वही हाती आली. शाईने लिहिलेली, तेलाचे डाग पडलेली. ‘कांद्याची खेकडा भजी’ या मथळ्याखाली जेमतेम पाच ओळी होत्या. कांदा उभा पातळ चिरावा. मीठ लावून चुरावा. पाणी सुटू द्यावे. कांदा मागेल तेवढे पीठ भुरभुरावे. कडकडीत मोहन घालून मोकळी सोडावी.

वाक्ये पाच, आणि अर्थबोध शून्य. कांदा चुरायचा म्हणजे कुस्करायचा की चोळायचा? तो पीठ कसे मागतो? मोकळी सोडायची ती कशी आणि कुठे? ‘तूर्तातूर्त मनाई हुकूम’ हा शब्दप्रयोग झोपेतही अचूक उच्चारणाऱ्या माणसाला ‘मोहन’ या शब्दाशी अडावे लागले. गरम करून पिठात ओतलेल्या तेलाला मोहन म्हणतात, हे मला वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी समजले.

माझ्या घटनेच्या वाचनाप्रमाणे जिथे मजकूर मौन असतो तिथे आपण तर्काने जागा भरतो. मी तेच केले. कांद्यावर बेसन टाकले, पेलाभर पाणी ओतले आणि छान सरसरीत पीठ कालवले. कढईत पडलेले गोळे फुगले, बाहेरून लाल झाले, आत कच्चे राहिले आणि ताटात येईपर्यंत मऊ पडले. कागदावर ठेवताच कागद तेलाने पारदर्शक झाला.

वरच्या मजल्यावरच्या अक्कांना वास गेला असावा. त्या धारवाडकडच्या, घरची भाषा कानडी. तीस वर्षांत आईचे आणि त्यांचे बोलणे अर्धे मराठीत, अर्धे कानडीत चाले आणि मधली सीमा कुठे आहे याची चौकशी दोघींपैकी कोणीही केली नव्हती. दारात उभ्या राहून त्यांनी कढईकडे पाहिले आणि म्हणाल्या, “नीर हाकब्याड्री, वकीलसाहेब. कांद्याला त्याचं पाणी हाय की! तुमच्या आई थेंबभर घालत नव्हत्या.”

मग त्यांनी मला बसवून शिकवले. अर्धा किलो कांदा उभा चिरून त्यावर चमचाभर मीठ घालायचे आणि पाकळ्या सुट्या होईपर्यंत बोटांनी चोळायचे. हेच ते चुरणे. पंधरा मिनिटे झाकून ठेवले की मिठामुळे कांद्यातले पाणी बाहेर येते. त्या पाण्यातच तिखट, हळद, तळहातावर चोळलेला ओवा आणि चिरलेली कोथिंबीर मिसळायची. मग बेसन, आणि कुरकुरीतपणासाठी दोन चमचे तांदळाचे पीठ, मुठीतून भुरभुरायचे. ओलावा संपला, कांद्याच्या प्रत्येक पातीला पिठाचा पातळ लेप बसला की थांबायचे. कांदा रसाळ असेल तर पीठ जास्त लागते, जुना सुका असेल तर कमी. म्हणूनच वहीत वाटीचे माप नव्हते. माझ्या अर्धा किलोला साधारण वाटीभर लागले. शेवटी दोन चमचे कडकडीत मोहन. सोडा नाही, कारण सोड्याने भजी तेल पितात.

तेलात पिठाचा थेंब टाकावा. तो तळाशी बसून राहिला तर तेल थंड, टाकताक्षणी करपला तर फार तापलेले, आणि बुडबुडत लगेच वर आला तर बरोबर. गोळा न वळता बोटांच्या टोकांनी कांद्याच्या सुट्या पाती तेलात पसरून टाकायच्या, म्हणजे त्या मोकळ्या सुटतात आणि खेकड्याच्या पायांसारख्या बाहेर राहतात. नाव त्यावरूनच पडले. मध्यम आचेवर तळून झाऱ्यात निथळू द्यायची. अक्कांनी एक भजे मोडून कानाशी धरले आणि म्हणाल्या, “गरिगरी!” मी म्हटले, “कुरकुरीत.” दोन्ही भाषांनी तो आवाजच शब्दात धरला आहे.

बोलता बोलता लक्षात आले की अक्कांच्या तोंडी ‘कांदा भजी’ हाच शब्द होता. बंगळुरूकडे ईरुळ्ळी, आपल्या उत्तरेकडच्या कानडीत उळ्ळागड्डी. पण तळून निघाला की इकडच्या बाजारात तो कांदा भजीच होतो. उलट उळ्ळागड्डीतल्या ‘गड्डी’चा सगासोयरा आपण लसणाच्या गड्ड्यात रोज वापरतो, आणि तुपाचे नाते कानडी ‘तुप्प’शी सांगितले जाते. आपण बेळगावकर उपमा म्हणत नाही, उप्पीट म्हणतो; त्यात कानडी उप्पू म्हणजे मीठ आणि हिट्टू म्हणजे पीठ आहे. फिर्यादी लिहिताना या गोष्टी मला कधी सुचल्या नव्हत्या.

व्याकरणाचीही एक गाठ त्या संध्याकाळी सुटली. मूळ शब्द नपुंसकलिंगी: ते भजे, ती भजी, जसे ते केळे, ती केळी. ‘भजी तळली’ या वाक्यात नपुंसकलिंगी अनेकवचन आणि स्त्रीलिंगी एकवचन यांचे रूप एकच दिसते. त्यामुळे नव्या पिढीच्या कानाला ‘ती एक भजी’ वाटू लागली आणि ‘भजे’ मागे पडत चालले. आई मात्र शेवटपर्यंत म्हणे, “एक भजं दे.”

हे वाक्य लिहिताना हात थांबतो. मागच्या पावसाळ्यात ती अंथरुणाला खिळलेली असताना तिने हेच मागितले होते. दुसऱ्या दिवशी सुनावणी होती आणि मराठीतून कागदपत्रे मिळावीत असा अर्ज मी तयार करीत होतो. मी जवळच्या एका हॉटेलातून पुडा मागवला. तिने एक तुकडा तोडला, बोटांनी दाबून पाहिला आणि बाजूला ठेवला. “मऊ पडलीत,” एवढेच म्हणाली. मातृभाषेसाठी मी अर्ज लिहीत होतो आणि माता शेजारच्या खोलीत होती. तिला वही उघडून अर्थ विचारला असता तर तिने तो आनंदाने सांगितला असता.

पुढच्या रविवारी मुलगी पुण्याहून आली. तिने विचारले, “बाबा, सोबत डिप काय?” आईच्या वहीत त्याचीही नोंद निघाली: ‘सायीच्या दह्याचे तोंडीलावणे’. दही फडक्यात तीन-चार तास टांगून त्याचा चक्का करायचा, त्यात दोन चमचे साय घालून घोटायचे, ठेचलेला लसूण, हिरवी मिरची, चिमूटभर साखर आणि कोथिंबीर घालायची. मीठ अगदी वाढताना घालायचे, नाहीतर चक्क्याला पाणी सुटते. मुलीने भजे त्यात बुडवले, खाल्ले आणि विचारले, “तोंडीलावणे? हा शब्द मी कधी ऐकलाच नाही.” मी कोणत्या तोंडाने तिला दोष देणार होतो?

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांच्या काळातले ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ मराठीत लिहिले गेले, तमिळ मुलखाच्या मध्यभागी. दरबाराला मुदपाकखान्याची भाषा टिपून ठेवण्याजोगी वाटली. आपण मात्र भाषेचा हिशेब शाळा, फलक आणि दाखले यांवरच मांडत आलो. ते मागणे योग्यच आहे आणि मी ते सोडणार नाही. पण चिरणे, चुरणे, भुरभुरणे, निथळणे, घोटणे, विरजणे ही क्रियापदे कोणत्याही हुकुमाने परत येणार नाहीत. ती हातांतून हातांत जातात, आणि आम्ही पुरुषांनी ते हात पुढेच केले नाहीत.

बडोद्याच्या, इंदूरच्या, ग्वाल्हेरच्या, हैदराबादच्या आणि गोव्याच्या वाचकांना माझी एक विनंती आहे. घरात आई, आजी, आत्या, मावशी असतील तर या पावसाळ्यात त्यांच्याजवळ बसून एक पदार्थ करा आणि त्यातली क्रियापदे त्यांच्याच उच्चारात लिहून काढा. शेजारच्या गुजराती, हिंदी, तेलुगू किंवा कोकणी घरातून आलेला शब्द मध्ये सापडला तर तो खोडू नका.

आईच्या वहीतल्या त्या पाच ओळींखाली मी आता सहावी लिहिली आहे: ‘पाणी घालू नये. अक्कांना विचारावे.’