किती इंच?

२६ जानेवारी २०१५. झेंडावंदनाची सुट्टी, पण आमची अमेरिकेची शिफ्ट. तिकडे सोमवार म्हणजे सोमवारच. संध्याकाळी मारुंजीहून गाडी काढून हिंजवडीला पोचलो तेव्हा न्यू जर्सीत सकाळ झाली होती. तिथल्या एका दुकानसाखळीच्या मालट्रकांचं वेळापत्रक आम्ही लावायचो. मंगळवारचा माल सोमवारीच काढायचा की थांबवायचा, हे ठरवायला त्यांच्या मॅनेजरला एकच आकडा हवा होता: बर्फ किती इंच?

तिकडे मोठं हिमवादळ येत होतं. न्यूयॉर्कसाठी सरकारी अंदाज होता २० ते ३० इंच. मी मेलमध्ये २४ लिहिलं. खरं तर मधला आकडा २५, पण २४ जरा अभ्यास करून काढल्यासारखा दिसतो.

बर्फ मी आजवर फक्त लाद्यांचा आणि गोळ्याचा पाहिलेला. निघताना आई म्हणाली, "ताईला सांग, रात्री बाहेर पडू नको. तिच्या घराला पत्रा नाही ना? गारांचा लई आवाज होतो." ताई न्यू जर्सीतच, एडिसनला. तिनं दूध, पाव, मेणबत्त्या आणि अंगणात टाकायचं मीठ आणून ठेवलं होतं. तिच्याकडच्या दुकानांत म्हणे पावाच्या फळ्या रिकाम्या पडल्या होत्या.

शिफ्टमध्ये काम कमी आणि नकाशे जास्त पाहिले. हे वादळ किनाऱ्याला धरून ईशान्येकडे सरकतं, समुद्रावरची ओली हवा जमिनीवरच्या थंड हवेवर चढवतं आणि तिचा बर्फ होतो. एक इंच पाण्याचा साधारण दहा इंच बर्फ, म्हणजे चूकही दहापट फुगते. त्यात बर्फाच्या दाट पट्ट्याला पश्चिमेकडे एकदम कड असते. ही गोष्ट मुळशी-मावळातल्या माणसाला वेगळी शिकवावी लागत नाही. लोणावळ्याला वर्षाचा पाऊस चार हजार मिलिमीटरच्या पुढं, पुण्यात जेमतेम सातशे, आणि मध्ये अंतर किती, तर लोकलचा दीड तास. सह्याद्रीचा घाट जागचा हलत नाही म्हणून आपल्याला कड पाठ आहे. वादळाची कड मात्र हलते.

त्या रात्री ती कड नेमकी न्यूयॉर्कच्या डोक्यावर होती. हवामानाचा अंदाज काढणारं युरोपचं संगणकी मॉडेल शहराला गाडून टाकत होतं, अमेरिकेचं बरंच कमी सांगत होतं. २०१२ च्या सँडी वादळात युरोपचंच आधी खरं ठरलेलं, त्यामुळं भरवसा त्याच्यावर. मीही त्याच बाजूला. रात्री ११ पासून न्यूयॉर्कची भुयारी रेल्वे बंद झाली. बर्फासाठी ती पहिल्यांदाच थांबत होती. आमचे ट्रकही उभे.

आपल्याकडे मंगळवार दुपार झाली आणि ताईचा मेसेज आला: "पोटरीपर्यंतसुद्धा नाही रे!" सेंट्रल पार्कात ९.८ इंच. वादळ थोडं पूर्वेला सरकलं होतं, बाकी अंदाज जसाच्या तसा: लाँग आयलंडवर आयस्लिपला जवळपास २५ इंच, मॅसॅच्युसेट्समधल्या वूस्टरला ३४.५. सरकारी हवामान खात्याच्या न्यू जर्सीतल्या माउंट हॉली केंद्राचे हवामानतज्ज्ञ गॅरी झाटकोव्स्की यांनी ट्विटरवर लोकांची जाहीर माफी मागितली. मला ते वाचून ओशाळल्यासारखं झालं. त्यांच्या खात्यानं निदान २० ते ३० असं म्हटलं होतं. त्यातलं 'ते' मी माझ्या मेलमधून खोडून टाकलं होतं, आणि माफी मात्र ते मागत होते.

आईला सांगितलं, फार नाही पडला. "मग बरं झालं की," ती म्हणाली. "पण तेवढ्या पावाचं काय करणार ती?"

पुढच्या वादळाला मी मॅनेजरला नीट लिहिलं: ४ ते १२ इंच, ७ च्या आसपास शक्यता जास्त, वादळ पूर्वेला सरकलं तर त्याहून कमी.

दहा मिनिटांत उलट मेल आला. आभार मानले होते, आणि खाली एक ओळ: तर मग ७ धरू ना?