डांबर टाळायचं म्हणून

महाराजपूर, जबलपूर
नोव्हेंबरअखेर

काय बड्डे,

तुझं तीन पानी पत्र पोचलं. अडीच पानं गाडीची चौकशी, उरलेल्यात मी. शेवटचा प्रश्न, ‘पडलास का?’ त्याचं उत्तर आधी देतो. पडलो. बाकीचं सावकाश.

गाडी म्हणजे एक्सपल्स. २०११ मध्ये हीरोची इम्पल्स निघाली तेव्हा आपण दोघं शोरूमच्या काचेला नाक लावून उभे होतो. आपले पैसे जमेपर्यंत ती बंदच झाली. तिची ही धाकटी बहीण, २०१९ ची. पुढचं चाक एकवीस इंची, पोट जमिनीपासून २२० मिलिमीटर वर, आणि सीट एवढी उंच की सिग्नलला मी एका पायाच्या चवड्यावर तोल सांभाळत असतो. सोबत आलेल्या पंडितकडे हिमालयन आहे. तो सहा फुटी, त्याला कसली काळजी.

बेत साधा होता. चार दिवस, अमरकंटकला जाऊन परत, आणि जमेल तितकं डांबर टाळायचं. हे टाळणंच सगळ्यात अवघड निघालं, बघ. कुंडमवरून शहापुऱ्याकडे जाताना नकाशावर केसासारखी बारीक रेघ बघून वळावं, तर पुढे गुळगुळीत काळा रस्ता आणि कडेला ग्रामसडक योजनेचा फलक. २००० साली सुरू झालेली ही योजना त्या पाड्यांपर्यंत पोचलीये. पंडित वैतागला. म्हणाला, ‘दीड लाखाची गाडी घेतली आणि आता खड्डे मिळेनात!’ मी हसलो खरा, पण जरा लाजही वाटली. बाळंतिणीला खाटेवर घालून नेणाऱ्यांना जो रस्ता हवा होता, तो झाला म्हणून आम्ही कुरकुरत होतो.

घुघुव्याला तासभर थांबलो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीची ताडाची खोडं, दगड झालेली. बोट फिरवलं तर धागे लागतात अजून. दिंडोरीत चहाला थांबलो, तिथे मात्र एक गंमत. कुठले म्हटल्यावर ‘महाराजपूर’ सांगितलं, तर सगळे समजले मंडल्याचं, नर्मदा-बंजरच्या संगमावरचं. शेवटी गाडीची जबलपूरची एमपी-२० ची पाटी दाखवावी लागली.

कच्चा रस्ता भेटला तो बजागच्या पुढे, चाड्याच्या जंगलात. हा बैगा चक, १८९० च्या सुमाराला इंग्रजांनी बैगा आदिवासींसाठी आखून दिलेला मुलूख. दोन्ही बाजूंना साल, मधे तांबडी माती, उतारावर कारळ्याची शेवटची पिवळी शेतं. (आईच्या कारळ्याच्या चटणीचं झाड मी पन्नाशीत पहिल्यांदा पाहिलं!) टायरांतली हवा कमी केली, पेगांवर उभे राहिलो, आणि दहा-बारा किलोमीटर असे गेले की पंडितसुद्धा गप्प होता.

मग बुढनेरला मिळणारा एक ओढा. घोटाभर पाणी, खाली शेवाळलेला काळा खडक. अशा ठिकाणी गियर पहिला, नजर पलीकडच्या काठावर आणि हात ब्रेकपासून लांब, हे मी तुलाच मागे दोन पानं लिहून पाठवलं होतं. मधोमध मला वाटलं, जरा हळू करावं. पुढचा ब्रेक दाबला. पुढच्या क्षणी मी पाण्यात बसलेलो, गाडी माझ्या शेजारी आडवी, आणि क्लचचा लिव्हर मधोमध तुटलेला. जास्तीचा लिव्हर? होता ना. महाराजपुरात, फ्रिजवर.

आम्ही गाडी उचलायला धडपडतोय तोवर मागून एक बैगा तरुण आला. शंभर सीसीची जुनी गाडी, मागे बायको, दोघांच्या मधे कोदोचं पोतं, पायात रबरी चपला. त्याच खडकावरून, ब्रेकला हात न लावता, बैलगाडी हाकावी तसा पलीकडे गेला. गाडी झाडाला टेकवली, परत आला आणि माझं धूड उभं करायला हात लावला. घरी नेऊन कुटकीची पेज पाजली. शब्दही आपलाच बघ, पेज. पंडितने मोठ्या उत्साहाने त्याला दोन्ही गाड्यांचे शॉकअब्सॉर्बर दाखवले. त्याने शांतपणे बघितलं आणि एवढंच विचारलं, ‘पोतं कुठे ठेवता?’

उरलेल्या थोटकावर दोन बोटं टेकवून मी बजागपर्यंत आलो. तिथल्या मिस्तरीने कुठल्या तरी भलत्याच गाडीचा लिव्हर कानशीने घासून घासून बसवला. वीस मिनिटं, एकशेवीस रुपये.

तिसऱ्या दिवशी करंजियाच्या पुढे एक मराठी जोडपं भेटलं, साताऱ्याकडचं. कार्तिकी एकादशीनंतर अमरकंटकाहून परिक्रमा उचललेली, पायी. ‘नर्मदे हर!’ म्हणून थांबलो. त्यांनी कुठून आलात विचारलं, आम्ही मार्ग सांगितला, तर काकू दचकल्याच. ‘अहो, म्हणजे मैया ओलांडली?’ हो, म्हणालो. आम्ही कुठले परिक्रमावासी, पूल दिसला की पलीकडे. काकांनी माझ्या सुजलेल्या मनगटाकडे बघून पिशवीतून हळद काढून दिली.

अमरकंटकला थंडी अशी की पहाटे सीटवर दव गोठलेलं. कपिलधारा पाहिली, कुंडावर डोकं टेकवलं. परतीला मंडल्यावरून सरळ हायवे धरला, कारण मनगट बोंबलत होतं. बरेल्याजवळ राणी दुर्गावतीच्या समाधीपाशी पाच मिनिटं थांबलो आणि दिवेलागणीला घरी. बायकोने आधी गाडीचा चिखल पाहिला, मग माझा.

लिव्हर अजून तोच आहे, बदलणार नाही. फ्रिजवरचा तुझ्यासाठी ठेवलाय. पुढच्या कार्तिकात ये, पंडित हिमालयन द्यायला तयार आहे. त्याची एकच अट आहे : ओढा आला की तू पुढे जायचं.

तुझा,
बुटका