लाहौलचे दोन रंगी मोजे

मनालीहून निघालेली गाडी अटल बोगद्यात शिरते आणि 9 किलोमीटरनंतर बाहेर पडते तेव्हा देखावाच बदललेला असतो. देवदारांची दाटी मागे राहते, समोर उघडेबोडके उंच डोंगर आणि खाली चंद्रा नदी. हे लाहौल. बहुतेक पर्यटक सिस्सूला धबधब्याचे फोटो काढतात आणि जेवायला पुन्हा मनालीत. माझं ऐकाल तर तसेच पुढे केलाँगपर्यंत जा. तिथे उन्हात बसलेल्या बायकांच्या हातात सुया दिसतील. गप्पा चालू, नजर रस्त्यावर आणि बोटं आपली विणतच असतात.

ऑक्टोबर 2020 मध्ये बोगदा सुरू होण्याआधी रोहतांग खिंड बर्फाने बंद झाली की हे खोरं कित्येक महिने जगापासून तुटायचं. शेतं बर्फाखाली, घरात मेंढीची लोकर आणि हाताशी भरपूर वेळ. विणकाम इथे वाढलं त्यात नवल नाही. एकोणिसाव्या शतकात केलाँगला आलेल्या मोरावियन मिशनऱ्यांपैकी मारिया हायडे यांनी स्थानिक बायका-मुलींना विणकाम शिकवायला सुरुवात केली. सुयांवरची ही पद्धत बाहेरून आली, पण रंग आणि नक्षी लाहौलने आपली केली. आज इथल्या मोजे-हातमोज्यांना जीआय मानांकन आहे.

पारंपरिक मोज्यांत बरेच रंग असतात. पण घोट्यापर्यंतचा साधा दोन रंगी मोजा विणताना पाहिला, तर खरी गंमत कळते. मोठ्या माणसाच्या पायासाठी जाड लोकरीचे साधारण 48 टाके, तीन सुयांवर 16-16, आणि चौथी सुई विणायला. वर दोन सुलट, दोन उलट अशी पट्टी, म्हणजे मोजा घोट्याला धरून बसतो. मग सगळं सुलट, गोल गोल.

दुसरा रंग आला की हात सावध होतो. जो धागा त्या क्षणी विणायचा नाही, तो मागून सैल न्यायचा. ओढला की नक्षी आक्रसते आणि मोजा टाचेवरून चढतच नाही. फार लांब सोडला तर घालताना बोटं त्यात अडकतात. टाच तर वेगळंच प्रकरण! निम्मे म्हणजे 24 टाके घेऊन पुढे-मागे विणत पट्टी करायची, मधले टाके कमी करत तिला वाटीसारखा खोलगटपणा द्यायचा, मग कडेचे टाके उचलून पुन्हा गोल. शिवण कुठेच नाही. टाच आणि चवडा आधी झिजतो, म्हणून ते दुसऱ्या रंगात ठेवणं मला सोयीचं वाटतं. पुढे तेवढंच उसवून नवं विणता येतं, रंगाची जोडी जमवत बसायला नको.

घरकाम सांभाळून एक जोडी व्हायला दोन-तीन दिवस सहज जातात. आणि आपण काय म्हणतो? ‘मनालीत यापेक्षा स्वस्त मिळतात.’ मिळतात ना, पण त्यातले बरेच यंत्रावरचे, ॲक्रिलिकचे असतात. त्यांच्या दराने या बाईंच्या दिवसांची किंमत ठरवणं अन्यायाचं आहे. घासाघीस करण्याआधी मोजा उलटा करून बघा. हाताचे टाके थोडे कमी-जास्त असतात, मागचे धागे मऊ आणि सैल असतात, टाचेशी उचललेल्या टाक्यांची ओळ दिसते. बोटांपाशी आडवी जाड शिवण असेल, तर तो बहुधा यंत्राचाच.

जोडी घरी आणली की ती वॉशिंग मशीनमध्ये टाकू नका. लोकर आटते आणि आजोबांसाठी आणलेले मोजे नातवाच्या मापाचे होतात. गार पाण्यात सौम्य साबणाने धुवा, पिळू नका, टॉवेलमध्ये दाबून पाणी काढा आणि सावलीत सपाट पसरून वाळवा. आजी-आजोबांना थंडीत फरशीवर पाय टेकवत नाही म्हणून आणत असाल, तर तळवा घसरतो हेही लक्षात ठेवा. वरून चप्पल घालायला सांगा.