दणदणीत

परवा बाबांनी माझी विकेट काढली.

झालं असं, की दिवाळीत घरी गेलो तेव्हा बाबांचा एक अभंग रेकॉर्ड केला. पंखा बंद, खिडकीला गोधडी, तबल्यावर शेजारचे काका. पुण्यात येऊन मिक्स केलं, पण बाजारातलं कुठलंही गाणं लावलं की त्यापुढे आमचं अगदीच मरतुकडं वाटायचं. मग काय, आतला इंजिनिअर जागा झाला! लिमिटर लावून सगळं तब्बल १० डेसिबल वर ढकललं आणि फाइल धाडली.

बाबांचा फोन आला. "दणदणीत झालंय रे. पण मी हळू कुठे म्हटलंय, तेच कळत नाही."

च्यायला! साठीनंतर बाबांचा वरचा आवाज थकलाय. आता जे काही आहे ते त्या हळू म्हणण्यातच आहे. आणि मी नेमकं तेच घालवलं होतं.

डिजिटलमध्ये शून्य डेसिबल म्हणजे छत. लाट त्याच्यावर गेली की तिचा माथा छाटला जातो आणि आवाज फाटतो. लिमिटर माथे दाबून फाटणं टाळतो खरं, पण फार दाबलं की हळू आणि मोठं सगळं एकाच पातळीवर येतं.

शनिवारी पुन्हा बसलो. बघतो तर छताला टेकत होत्या तबल्याच्या दहा-बारा थापा. तेवढ्याच हाताने कमी केल्या. बाबांच्या ट्रॅकमधली ८० हर्ट्झखालची घरघर कापली. ती कानाला जाणवत नव्हती, जागा मात्र खात होती. मग लिमिटरला २-३ डेसिबलचंच काम उरलं. शिखर -१ वर ठेवलं. आधीचं आणि नंतरचं सारख्याच आवाजात लावून ऐकलं, कारण जे मोठं ते कानाला उगाच चांगलं वाटतं.

आणि गंमत म्हणजे ही सगळी चढाओढ फुकटच. स्पॉटिफाय मुळातल्या सेटिंगला गाणी साधारण -१४ एलयूएफएसवर आणतं, यूट्यूबही फार मोठं गाणं खाली खेचतं. मेटॅलिकाच्या २००८ सालच्या 'डेथ मॅग्नेटिक'वर तर खुद्द चाहतेच वैतागले होते, आवाज फाटतोय म्हणून!

नवीन फाइल पाठवली. बाबा म्हणाले, "आता मी वाटतोय. पण तिसऱ्या चरणात जरा घसरलोय, ते काढता येईल?"

येईल की. पण नाही काढलं.