ठाकुर्लीची राख

ठाकुर्ली स्टेशनातून रोज जाणाऱ्या आपल्यासारख्या विद्यार्थ्यांपैकी कितीजणांना ‘चोळा पॉवर हाऊस’ ठाऊक आहे? जी.आय.पी. रेल्वेने १९२९ साली ते उभारले. कोळसा जाळायचा, पाण्याची वाफ करायची, वाफेवर जनित्र फिरवायचे आणि त्या विजेवर गाड्या चालवायच्या. गाडी येथली, धूरही येथलाच! शेजारच्या वस्तीला आपल्या विजेची किंमत डोळ्यांनी दिसत असे.

१९८० च्या दशकात हे केंद्र बंद झाले. मग कोळसा जळायचा थांबला का? छे! तो फक्त लांब गेला. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राचा पहिला संच १९८३ साली सुरू झाला आणि आज त्याची क्षमता २९२० मेगावॅट आहे. खाणी तिकडे, राख तिकडे, खोकला तिकडे. दिवे मात्र राज्यभर. आणि हवेत गेलेला कार्बन वायू तर शतकानुशतके तेथेच राहणार. म्हणजे आपला धूर आपण केवळ चंद्रपूरकरांच्याच नव्हे, तर अजून जन्मालाही न आलेल्यांच्या दारात नेऊन टाकतो. ज्याला विचारलेच नाही, त्याच्या माथी आपला खर्च मारणे याला व्यवहारात काय म्हणतात, ते सांगायला नको.

यावर नेहमीचा उपदेश ठरलेला : वीज वाचवा. मला या उपदेशाची थोडी चीडच आहे. माझी आई मुरबाडकडच्या खेड्यात रॉकेलच्या चिमणीखाली वाढली. तिने आयुष्यात पहिल्यांदा लावलेला पंखा आणि कोणाच्या चार खोल्यांतले चार ए.सी., दोघांना एकच उपदेश कसा? २००५ नंतर कित्येक वर्षे भारनियमन झाले, तेव्हा कल्याण-डोंबिवली तासन्‌तास अंधारात असे, खेडी त्याहून अधिक. मुंबई मात्र उजळलेली. १२ ऑक्टोबर २०२० रोजी कळवा-पडघा वाहिन्यांतील बिघाडाने मुंबई-ठाण्याची वीज काही तास गेली, तर देशभर बातमी झाली! खेड्यातल्या अंधाराची बातमी होत नाही, कारण तो रोजचाच.

कोळसा तयार व्हायला पंचवीस कोटींहून अधिक वर्षे लागली. त्यावर पहिला हक्क ज्याच्या घरी अजून उजेड पुरता पोचला नाही त्याचा, असे मला वाटते. आमचे एक प्राध्यापक म्हणतात, हक्क कोणाचाही असो, धूर तोच. त्यांचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण मग थांबायची सुरुवात कोणी करायची, हे तर ठरवावेच लागेल.

माझी एक साधी सूचना आहे. बिलावर युनिट छापतात, तसा कोळसाही छापावा. एका युनिटाला सुमारे पाऊण किलो लागतो. आमच्या घरी महिन्याला शंभरेक युनिट होतात; सगळी वीज कोळशाची धरली, तर दीड पोते. ते दर महिन्याला दारात आणून टाकले, तर आमच्या दोन खोल्यांत आई ते कोठे ठेवायला सांगेल, कोण जाणे. आणि चार ए.सी.वाल्यांना तर गोदामच घ्यावे लागेल.