पाच हजारांच्या पुढे

आमच्या बाबांचं एक ठरलेलं वाक्य आहे : "गिअर बदल, इंजिन ओरडतंय." मी गाडी शिकले तेव्हापासून ऐकतेय. काटा अडीच हजारांवर गेला रे गेला, की वाक्य हजर! 'ॲव्हरेज' हे आमच्या घरातलं कुलदैवत.

आणि गाडी कुठली, तर 2001 ची होंडा सिटी व्हीटेक! दीड लिटरचं इंजिन, 106 हॉर्सपॉवर. तेव्हाच्या पोरांची ड्रीम कार, आमच्याकडे मंडईतून भाजी आणायला. 2003 मध्ये नवी सिटी आली ती 77 हॉर्सपॉवरची, ॲव्हरेजवाली. 'ती बाबांसाठीच काढलीय,' असं मी कायम चिडवायचे.

यंदा बाबांच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. क्लच दाबवत नाही, म्हणून गाडी विकायची ठरली. गिऱ्हाईक रविवारी दुपारी येणार होतं. सकाळी सहालाच बाबा म्हणाले, "चल, नेऱ्याला जाऊन येऊ."

हिंजवडीचं आयटी पार्क अजून झोपलेलं. मारुंजीवरून नेऱ्याच्या, म्हणजे कासारसाई धरणाच्या रस्त्याला लागलो. रस्ता अगदी रिकामा. सवयीने मी थर्ड टाकायला गेले.

"थांब. सेकंडलाच राहू दे. आणि नीट ऐक."

मग चक्क क्लास सुरू झाला. सहा हजार आरपीएमला प्रत्येक पिस्टन सेकंदाला शंभरदा खाली-वर होतो. तेवढ्यात पुरेशी हवा आत घ्यायची, तर व्हॉल्व्ह जास्त आणि जास्त वेळ उघडायला हवा. पण असं इंजिन ट्रॅफिकमध्ये नीट ओढत नाही. म्हणून होंडाने एकाच कॅमशाफ्टवर दोन प्रकारचे उंचवटे दिले. एरवी लहान उंचवटा काम करतो. आरपीएम वाढला, की ऑइलच्या दाबाने एक छोटी पिन सरकते, रॉकर आर्म एकमेकांत अडकतात आणि मोठा उंचवटा ताबा घेतो. 1989 मध्ये जपानमधल्या इंटिग्रात हे तंत्र पहिल्यांदा आलं. 1600 सीसी, 160 हॉर्सपॉवर, आठ हजारांची रेडलाइन, तेही टर्बोशिवाय!

"आता दाब."

चार हजार... साडेचार... पाच हजारांच्या आसपास आवाजच बदलला. घोगरेपणा गेला, खणखणीत झाला. कुणीतरी पाठीत ढकलावं तशी गाडी सुटली. मी बाबांकडे पाहिलं. ते हसत होते. गाव जवळ आलं तसे म्हणाले, "बास. सोड आता."

"बाबा, तुम्हाला हे सगळं कसं माहीत?"

"म्हणजे? त्यासाठीच तर घेतली होती. घेतल्या घेतल्या इथेच आलो होतो, एकटा. तेव्हा दोन्हीकडे नुसती शेतं होती."

"मग परत का नाही आलात?"

"मग तुझी शाळा, घराचे हप्ते..." ते खिडकीबाहेर बघायला लागले. "आईला सांगू नकोस."

दुपारी गिऱ्हाईक आलं. बॉनेट उघडून झालं, एक चक्कर झाली. मग ॲव्हरेजची चौकशी.

"एक नंबर!" बाबा शांतपणे म्हणाले. "अडीच हजारांच्या वर कधी नेलीच नाही."

मी चहा टाकायला आत पळाले.