खुर्ची मागितली, एवढंच

"एवढं ओझं गळ्यात घालायचं कशाला या वयात? सोडून द्या." एमआरआयचा रिपोर्ट पाकिटात परत घालता घालता डॉक्टर म्हणाले. ते वाक्य मला अजून सलतं. डावा खांदा आखडला होता. फ्रोझन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या बायकांमध्ये तो जास्त आढळतो, मधुमेह असेल तर आणखी; मला दोन्ही लागू. निदानाबद्दल माझी तक्रार नाहीच. पण अकॉर्डियन मी बसून वाजवते की उभ्याने, पट्टे कसे बांधते, भाता कसा ओढते, यातलं त्यांनी काहीच विचारलं नाही. शिवणकामावर घर चालवते असं सांगितलं असतं, तर "शिवण सोडा" इतक्या सहज म्हणाले असते का?

मी पुण्यात शाळेत संगीत शिकवते आणि शनिवार-रविवारी वाद्यवृंदात जुनी हिंदी गाणी वाजवते. आधी पेटी शिकले, मग अकॉर्डियन. माझं १२० बेसचं, म्हणजे डाव्या हाताला तेवढी बटणं असलेलं आहे. या आकाराची वाद्यं दहा-बारा किलोंची असतात. ते वजन दोन खांद्यांवर, आणि भाता उघडमीट करायची ती एकट्या डाव्या हाताने.

आमच्या कार्यक्रमात ड्रमवाला बसतो, तबलजी बसतो, की-बोर्डला स्टँड असतो. अकॉर्डियनवालीने मात्र तीन तास उभं राहायचं. मी खुर्ची मागितली तेव्हा आयोजक म्हणाले, "ताई, तुम्ही उभ्या असलात की स्टेज भरतं. 'संगम'मधला राज कपूर आठवा." अहो, पडद्यावर ते गाणं काही मिनिटांचं आणि वाजवणारे हात दुसऱ्याचे! मी पुन्हा मागितली. "लोकांना वाटेल बाई आजारी आहेत," म्हणाले. मी आजारीच होते. मध्यंतरात विंगेत मैत्रिणीने पट्टे उतरवले, तर हात वर जाईना. पदराची पिन तिनेच काढली. घरी केस विंचरता येत नव्हते, डाव्या कुशीवर झोपता येत नव्हतं. पुढच्या कार्यक्रमाचं बोलावणं आलंच नाही. फोनसुद्धा नाही. नाट्यगृहाबाहेरच्या बोर्डावर वादकांची नावं वाचली तेव्हा कळलं. माझी सगळी गाणी की-बोर्डवरच्या अकॉर्डियन टोनवर उरकली होती. इतक्या वर्षांत मी एकदाही तालीम चुकवली नव्हती. 'आराधना'तल्या 'रूप तेरा मस्ताना'मध्ये केरसी लॉर्ड यांचं अकॉर्डियन ऐका. सूर लागल्यावर तो हातातल्या हातात फुगतो, ओसरतो. ते भात्याचं काम आहे. बटण दाबून ते येत नाही, हे ऐकणाऱ्यालाही कळतं. आयोजकाला कळायला नको?

पुढे एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडे गेले. तिने हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "मॅडम, उद्या येताना अकॉर्डियन घेऊन या." पहिल्यांदाच कुणीतरी वाद्य बघायला मागितलं. भाता उघडताना माझा डावा खांदा कानाकडे चढतो, हे तिने लगेच दाखवलं. बेसचा पट्टा सैल होता, त्यामुळे आधी मनगट सरकायचं आणि मग भाता. पाठीवर दोन्ही पट्ट्यांना जोडणारा आडवा पट्टा नव्हताच. पट्टे घसरू नयेत म्हणून मी खांदे आवळून धरत होते. कोपर बरगडीला लावून हात बाहेर नेण्याची हालचाल या दुखण्यात सगळ्यात आधी अडते, आणि भात्याला नेमकी तीच लागते. तिने व्यायाम दिले: लाटणं दोन्ही हातांत आडवं धरून डावा हात हळूहळू बाहेर ढकलायचा, भिंतीवर बोटं चढवायची, ओणवं होऊन हात लोंबता सोडून झुलवायचा. कंटाळवाणं आहे, पण करावंच लागतं. हे दुखणं वर्ष-दोन वर्षं, कधी त्याहून जास्त चालतं, तेव्हा आठवड्यात उतार पडला नाही म्हणून व्यायाम सोडू नका. सोबत साखरही सांभाळा.

आता मी बसून वाजवते. भाता डाव्या मांडीवर टेकतो, उघडताना वजनच मदत करतं, मिटताना तेवढा जोर लागतो. सरावाला ४८ बेसचं हलकं वाद्य घेतलं. त्यात मन रमत नाही, खालचे सूर कमी पडतात. आणि खरं सांगायचं तर उभ्याने वाजवण्यात जो रंग भरतो तो बसून भरत नाही. दुसऱ्या एका वाद्यवृंदात हल्ली वाजवते, तिथे शेवटच्या गाण्याला मी उठून उभी राहते. फिजिओथेरपिस्टला ते पसंत नाही. मी ऐकत नाही. पण ते एक गाणं मी निवडलेलं असतं. तीन तास कुणी उभं केलेलं नसतं.

कार्यक्रम ठरवणाऱ्यांना माझी विनंती आहे. अकॉर्डियनवाल्यासाठी एक खुर्ची ठेवा. हात नसलेली, मांड्या सपाट राहतील एवढ्या उंचीची. त्याने मागण्याआधी ठेवा.